बेनोनीला उत्तर

४ नोव्हेंबर

भावोजी, अनेक आशीर्वाद.

तुमची स्वारी पोचली. म्हणजे माझी धाकटी बहीण आणि तिच्या पोटातला तुमचा ऐवज, दोघंही. वाटभर ओकत होती म्हणे. बोटवाल्यानं तिला बेकरीच्या दारात आणून सोडलं तेव्हा मी पहिली खेप भट्टीतून काढत होते. तिचा चेहरा बघितला आणि लांब दांड्याचं फावडं हातात तसंच राहिलं, पुढची अख्खी रांग करपली. अहो, एवढी अवघडलेली बाई त्या होडग्यात घालतात का? बोट तुमच्या दीपगृहाच्या खडकाला कधीतरीच लागते, लागली तेव्हा पाठवली, सगळं कळतं मला. तरी तुमचे कान उपटायला तुम्ही समोर हवे होतात.

डॉक्टरीणबाई बघून गेल्या. पाय सुजलेत, अंगात रक्त कमी, पडून राहायचं, जिना चढायचा नाही. भट्टीमागच्या उबदार खोलीत तिची खाट टाकली आहे. पडून राहील ती धाकटी कसली! पण मी पण अक्का आहे, उठली की ओरडते.

आता मला सांगा, ही काय नवी खोड लावलीत तिला? मी मैद्याच्या माळ्यावर चढले की ही खाटेवरून एकच शब्द ओरडते. "मैदा?" बस, एवढंच. मी गप्प राहिले तर पुन्हा, आणखी मोठ्यानं, "मैदा?" काय मैदा? हवाय? संपलाय? उंदरांनी नेलाय? मी वरून "आहे गं बाई, आहे!" असं बोंबलले की मगच डोकं उशीवर टेकते. गिऱ्हाइकं हसतात.

बाळाचं नाव काय ठरवलंत विचारलं, तर म्हणते, "अजून भांडण मिटलेलं नाही." कसलं भांडण ते सांगत नाही. तुम्ही सांगा.

तुमची,
अक्का


११ नोव्हेंबर

अक्का, नमस्कार.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. कान उपटायचे ते राखून ठेवा, भेटलो की हिशेब चुकता करू.

खोड माझीच. खरं तर खोड नाही, इथला नियम आहे. दीपगृहाचा जिना गोल आणि अरुंद, कठडा एकाच बाजूला, पायऱ्या कायम ओल्या. एकजण वर गेला की खालचा एक शब्द विचारतो. "बत्ती?" वरचा म्हणतो, "पेटली." "काच?" "पुसली." "तेल?" "भरलं." ज्या त्या शब्दाची जोडी ठरलेली. काहीच सुचलं नाही तर नुसतं "आहे" म्हटलं तरी चालतं. विचारायचं एवढंच असतं की बाबा, तू धड आहेस ना. आणि उत्तर आल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही. माझ्या आधीचे दिवेवाले जिन्यात पडून राहिले होते आणि खाली कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून हे चाललंय. धाकटी इथे आली आणि महिन्याभरात बत्तीवरच्या माझ्या जोडीदारापेक्षा जास्त कडक झाली. मी उत्तर द्यायला उशीर केला की जेवायला वाढायला उशीर करायची.

तेव्हा अक्का, एवढं करा. ती विचारेल तेव्हा "आहे" म्हणा.

भांडणाचं म्हणाल, तर इथे वाचायला पुस्तकं मोजकी. त्यातलं पवित्र शास्त्र आम्ही रोज जेवणानंतर थोडं थोडं वाचतो. त्यातल्या याकोबाला बारा मुलगे, आणि तुमच्या बहिणीला त्यातलं एकही नाव पसंत नाही. रऊबेन म्हटलं तर म्हणते घोड्याला शोभेल. दान म्हटलं तर म्हणते दारात भिकारी उभा राहील. गाद म्हटलं तर हसून हसून गादीवर लोळली. यहूदा म्हटलं की तो दुसरा, धन्याला विकणारा, आठवतो. बाराव्यापाशी मात्र खरंखुरं भांडण झालं, चांगलं तासभर. ते समोरासमोर सांगेन.

मुलगी झाली तर हा सगळा घोळ वाचेल. तिला सांगा, इथली सगळ्यात मोठी काच मी परवा एकट्यानं पुसली आणि फोडली नाही.

तुमचा,
दिवेवाला


१९ नोव्हेंबर

भावोजी,

बसून वाचा.

धाकटी गेली. काल सकाळी. मुलगा झाला, दिवस भरायच्या आधीच. रक्त थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले, त्यांना बोल लावू नका. शेवटी त्यासुद्धा माझ्या मैद्याच्या पोत्यावर बसून रडल्या.

बाळ आहे. माझ्या ओंजळीत मावतं. कमी रडतं, पण रडतं. भट्टीमागे जिथे मी कणीक फुगायला ठेवते, त्या कोनाड्यात कापसात गुंडाळून ठेवलंय. तिथली ऊब दिवसरात्र सारखी असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यातही याहून बरी जागा मिळाली नसती. जगेल का, ते त्या सांगत नाहीत. मी पण विचारत नाही.

तार केली आहे, पण तार येते बंदरापर्यंत. तिथून पुढे बोट, आणि बोट सुटत नाही म्हणतात. तुमच्यासाठी थांबता आलं नाही. आज तिला मातीत ठेवून आलो.

जाताना तिनं बाळाचं नाव ठेवलं. बेनोनी. मी माझ्या कानांनी ऐकलं. तेच राहील.

अक्का


२ डिसेंबर

अक्का,

तार आणि पत्र एकाच बोटीनं आलं. तार आधी वाचली, नंतर तुमचं पत्र, नंतर पुन्हा तार, जणू दोन्हींत वेगळं काही लिहिलेलं असेल.

बोट खडकाला लागलीच नाही. दोरावरून टोपल्या ओढून घेतल्या, आता टपालही तसंच येणार-जाणार. त्यात जोडीदाराचा पाय भरल्या टोपलीखाली सापडला आणि मोडला. त्याला दोरावरून खाली सोडण्याजोगा समुद्र नव्हता, मलाही उतरण्याजोगा नव्हता. मी बोटवाल्याला ओरडून ओरडून सांगितलं, मी उडी टाकतो, मला ओढून घे. तो नुसता हात हलवत राहिला आणि मागे फिरला. आता जोडीदार खाटेवर आहे आणि बत्ती माझ्या एकट्यावर. ती विझवून मी येऊ शकत नाही. या खडकांवर वर्षाकाठी किती जहाजं चुकायची ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी वर जातो तेव्हा खालून कुणी विचारत नाही. जोडीदार विचारायला लागला होता, मीच त्याला गप्प केलं.

आता नावाचं. तुम्हाला त्या नावाची गोष्ट नीट ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहितो. याकोबाची लाडकी बायको राहेल. प्रवासात, वाटेतच तिला कळा आल्या. मुलगा झाला आणि ती गेली. जीव जाता जाता तिनं त्याचं नाव ठेवलं बेनोनी, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा. बापानं ते ठेवू दिलं नाही. त्यानं बन्यामीन म्हटलं, म्हणजे उजव्या हाताचा मुलगा. हाच तो बारावा. यावरूनच आमचं भांडण झालं होतं.

ती बापावर चिडली होती. म्हणाली, "बाई मरता मरता एक शब्द बोलली, तोही यानं पुसला. बाप लोक पुसायला बरे पुढे!" मी म्हटलं, लेकराला जन्मभर दुःख म्हणून हाक मारायची का? तर म्हणाली, "आणि ते दुसरं नाव राहेलला ऐकू तरी आलं का? ते कुणी लिहिलेलं नाही." मला बत्तीकडे जायचं होतं. मी उठलो. ते भांडण तिथेच राहिलं.

म्हणून विचारतो, अक्का, आणि खरं सांगा. ती माझ्यावर रागावून गेली का? मी तिला त्या समुद्रातून एकटीला पाठवलं, वाटेत. हे नाव तिनं मला ठेवलंय का? ती नक्की काय म्हणाली, कशी म्हणाली, ते लिहा. आणि काहीही असलं तरी माझ्या मुलाला त्या नावानं हाक मारू नका. हात जोडून सांगतो.

तुमचा,
दिवेवाला


१० डिसेंबर

भावोजी,

तुमचं दुःख मला दिसतं. माझं तुम्हाला दिसतं का ते बघा. तुमची बायको गेली. मी जिला कडेवर घेऊन वाढवली ती गेली. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती आणि मी परकर नेसणारी पोर. तिची पहिली वेणी मी घातली, शेवटचीही मीच घातली.

बाळ जगणार. आता म्हणते, तेव्हा भीत होते. पहिल्या दिवशी तराजूत घातलं तर माझ्या मोठ्या पावापेक्षा हलकं भरलं होतं. आता पाव वर जातो आणि हा खाली बसतो. शेजारीण आपल्या लेकीबरोबर यालाही पाजते. म्हणते, अक्का, तुमचा पोरगा हावरट आहे. मी म्हटलं, असू दे बाई, हावरट असू दे.

नावाचं पाळकसाहेबांना जाऊन विचारलं. त्यांना विचारणारं कुणी भेटलं की त्यांची कळी खुलते. इब्री भाषेत बेन म्हणजे मुलगा, ओनी म्हणजे माझं दुःख, यामीन म्हणजे उजवा हात. ते लोक उगवतीकडे तोंड करून दिशा सांगायचे, म्हणून उजवा हात म्हणजे दक्षिण पण. मी म्हटलं, साहेब, मला दिशा नकोत. आईनं ठेवलेलं नाव बापानं बदललं की नाही, तेवढं सांगा. म्हणाले, बदललं खरं. मी म्हटलं, मग या खेपेला नाही बदलणार.

दुःखाचा मुलगा आहेच तो. त्यात खोटं काय आहे? माणसं दुःख म्हटलं की तोंड फिरवतात. त्या पोरीनं त्याच्यासाठी जीव दिला, त्याची आठवण त्याच्या नावात राहिली तर कुणाचं काय बिघडतं? दुसरं काय ठेवून गेली ती? दोन लुगडी आणि एक शब्द. लुगड्यांची दुपटी केली. शब्द तसाच ठेवणार.

तुम्ही विचारता कशी म्हणाली. नाव म्हणाली आणि डोळे मिटले. एवढंच. उगाच कोळसा उगाळू नका.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा ठरवलाय. बाळ नाजूक आहे, फार थांबता येणार नाही. तोवर बोट आली तर या, नाही आली तर मी समर्थ आहे.

अक्का


२२ डिसेंबर

अक्का,

तुम्ही समर्थ आहात हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तुमच्यापुढे आजवर कुणाचं चाललं नाही, माझंही चाललं नाही, मी ते हसून सोडलं. हे सोडणार नाही.

मुलगा माझा आहे. त्याला मी अजून बघितलेलं नाही, त्याचा रंग कसा, डोळे कुणाचे, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. तराजूत किती भरला ते लिहिलंत. तुमच्या प्रत्येक पत्रात तो तुमच्या भट्टीचा, तुमच्या कोनाड्याचा, तुमच्या शेजारणीचा आहे. मी कुठे आहे? तुम्हाला स्वतःचं झालं नाही म्हणून माझं पोर आपलंसं करताय आणि मला दुःखाच्या बाजूला उभं करताय, असं मला वाटायला लागलंय. हे लिहू नये, पण लिहिलं.

रोज उठून कुणीतरी त्याला हाक मारणार. शाळेत, रस्त्यात, कामावर. प्रत्येक हाकेला त्याला ऐकू येणार की तुझ्यामुळे आई मेली. मोठा झाला की तो अर्थ विचारेल. तेव्हा कोण सांगणार त्याला, तुम्ही?

आणि तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. "नाव म्हणाली आणि डोळे मिटले" हे तुमचं वाक्यच नाही. चार पाव करपले तरी तुम्ही पानभर लिहिता. आणि बहिणीच्या शेवटच्या क्षणाला एक ओळ?

मी बाप आहे. पाळकसाहेबांना माझं नाव सांगून सांगा की बापाची संमती नाही. मुलाचं नाव बन्यामीन. तिसऱ्या रविवारी दुसरं काही झालं, तर मी आलो की पोराला घेऊन जाईन आणि पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही.

दिवेवाला


३० डिसेंबर

दिवेवाले,

वा. बरं झालं मनातलं ओकलात.

मला झालं नाही. हो, नाही झालं. गावाला ठाऊक आहे, तुम्ही नव्यानं काय सांगता? मोठेपणीही तुमच्या बायकोला मी जवळच ठेवली तेव्हाही लोक हेच म्हणायचे, की हिला स्वतःचं नाही म्हणून. म्हणोत. ती माझ्या हातात जगली आणि माझ्याच हातात मेली, आणि तुम्ही कुठे होतात? खडकावर. काच पुसत.

काय लपवते म्हणता? लपवत होते ते तुमच्यासाठी. वाटलं, एकटा माणूस तिथे समुद्रात, हे कळलं तर उडीच टाकेल. पण तुम्हाला ऐकायचंच आहे ना? मग ऐका, आणि घ्या छातीवर.

ती लगेच नाही गेली. बाळ कोनाड्यात ठेवलं, तिला दाखवलं. चांगली शुद्धीत होती, हसली. मग ओरडली, "बेनोनी?" नाव ठेवताना कुणी असं विचारल्यासारखं म्हणतं का? मला वाटलं भ्रम झाला. मी म्हटलं, हो गं, छान नाव आहे. तिनं मान हलवली, नाही नाही करत. दाराकडे बघायला लागली. पुन्हा ओरडली, मोठ्यानं, अंगात त्राण नसताना. "बेनोनी?" डॉक्टरीणबाई दचकल्या. मी म्हटलं, काय हवंय राजा, पाणी हवंय? तर माझ्यावर चिडली. मरतानासुद्धा चिडली! म्हणाली, "उत्तर द्या की कुणीतरी."

कसलं उत्तर, काय उत्तर, मला काय कळणार? तुमचा शोध चालला होता तिचा, एवढंच मला कळलं. डोळे दारावरून हलेनात. तुम्ही तिथे नव्हतात. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज बाहेर फुटत नव्हता, नुसते ओठ. मला बघवेना. मैद्याच्या माळ्यावरून म्हणायचे तसं मी म्हटलं, "आहे गं, आहे." मग तिनं उशीवर डोकं टेकलं.

असं गेली ती. तुम्हाला हाका मारत, आणि उत्तर मिळालं माझं. आता बसा आणि सांगा पाळकसाहेबांना, की बापाची संमती नाही.

डोळे तिचे आहेत. रंग तुमचा.

अक्का


८ जानेवारी

अक्का,

तुमचं पत्र जोडीदाराला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज बसला तेव्हा उरलेलं त्यानं वाचलं. "उत्तर द्या की" पाशी आला आणि थांबला. म्हणाला, "अरे, ती खालून विचारत होती."

अक्का, ती नाव ठेवत नव्हती. ती विचारत होती. "बत्ती?" म्हटलं की "पेटली." "काच?" म्हटलं की "पुसली." "बेनोनी?" म्हटलं की त्याची जोडी काय, ते या जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक खडकावर होता. आईनं दुःख म्हणायचं. बापानं बन्यामीन, उजवा हात म्हणायचं. तिचं भांडण याकोबाशी एवढंच होतं की तो उशिरा बोलला. राहेलला ते ऐकू आलं का, हे तिला टोचत होतं. तिला बाराव्याचंच नाव हवं होतं, अक्का. दोघांनी म्हटलेलं, तिच्या कानांवर पडेल असं. तिनं तिची बाजू म्हटली आणि माझी वाट बघितली.

मी ते शिव्याशाप समजलो. तुम्ही ती शेवटची इच्छा समजलात. आणि त्या अर्ध्या नावासाठी आपण दोघं महिनाभर एकमेकांच्या उरावर बसलो.

मी रडतोय, ते असू दे. तुम्हाला एक सांगायचंय ते आधी लिहितो. तुम्ही "आहे" म्हणालात. काही सुचलं नाही तर तेच म्हणायचं असतं, आणि तिला ते माहीत होतं, जोडीदारानंच तिला शिकवलं होतं. खालच्याला एवढंच हवं असतं की वर कुणीतरी धड आहे आणि आपण आता जागा सोडली तर चालेल. म्हणून तिनं डोकं टेकलं. ती उत्तराशिवाय गेली नाही, अक्का. तुम्ही दिलंत. माझ्याच्यानं हे फिटायचं नाही.

आधीच्या पत्रात जे लिहिलं, तुम्हाला झालं नाही म्हणून वगैरे, त्यासाठी माझं तोंड फोडा. पोर तुमच्या कोनाड्यात वाढलंय, तिथेच राहील. मी किनाऱ्यावर बदली मागितली आहे.

बंदरातून खुणेनं कळवलंय की बदली माणूस पुढच्या बोटीनं येतोय. तो चढला की त्याच बोटीनं मी उतरेन. तिसरा रविवार मात्र मला गाठता येणार नाही. आणि पुढची बोट लागेल की नाही, हेही कुणी सांगू शकत नाही. पुन्हा पाण्यानं रंग बदललाय. मला यायलाच हवं, अक्का. एकदा उशीर केला. तुम्हाला जमलं तर थांबा.

तुमचा,
दिवेवाला


१६ जानेवारी

भावोजी, अनेक आशीर्वाद.

पत्र भट्टीसमोर उभ्यानं वाचलं. आज परत पाव करपले, सबंध खेप. करपू देत. मी खाली बसून घेतलं आणि कोनाड्याकडे बघून म्हटलं, अरे लबाडा, तुझं नाव अजून ठेवलेलंच नाही की! तो मजेत मूठ चोखत होता.

मी रागानं लिहिलं होतं ते. तुम्हाला लागावं म्हणून लिहिलं होतं. नसतं लिहिलं तर आपण जन्मभर भांडलो असतो आणि त्या पोराचं मधल्यामध्ये भरीत झालं असतं. धाकटी असती तर म्हणाली असती, "अक्काच्या तोंडाचा एकदा तरी उपयोग झाला."

मला दोन महिने झोप नव्हती, भावोजी. ती मला काहीतरी विचारत होती आणि मी वेड्यासारखी "आहे" म्हणाले, मैदा आहे म्हणतात तसं, हे डोक्यातून जात नव्हतं. तुमच्या पत्रानंतर पहिल्यांदा रात्रभर झोपले. शेजारीण उठवायला आली.

आता नीट ऐका. पाळकसाहेबांकडे जाऊन आले. तिसरा रविवार रद्द. ते म्हणाले, मग कधी? मी म्हटलं, चौथा. आणि चौथ्याला बोट नाही आली तर पाचवा. ते म्हणाले, बाई, देवाचं काम असं टांगून ठेवतात का? मी त्यांना सगळं सांगितलं, जिन्यापासून. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, देवळाचं दार उघडं ठेवायला सांगतो.

तेव्हा असं ठरलंय. चौथ्या रविवारी मी पोराला घेऊन पुढे उभी राहणार. पाळकसाहेब नाव विचारतील. आईची बाजू मी म्हणणार, "बेनोनी?" आणि दाराकडे बघत थांबणार. लोक खाकरतील, पोर रडेल, मी हलणार नाही. तुमचाच नियम आहे, उत्तर आल्याशिवाय खालच्यानं जागा सोडायची नाही. नाही आलात तर घरी परत येईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहीन. या खेपेला "आहे" म्हणून भागवणार नाही.

समुद्र इथूनही वाईट दिसतो. रोज माळ्याच्या खिडकीतून बघते. उडी मात्र टाकू नका. जोडीदाराच्या पायाची काळजी घ्या. धडधाकट या.

तुमची,
अक्का


(पाव पोचवणाऱ्या हातगाडीवाल्याच्या हाती आलेली चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली, ओली झालेली)

रविवार, सकाळ

अक्का,

बंदरावर उतरलोय. कपडे भिजलेत, तसाच येतो. तुम्ही देवळात जा, माझ्यासाठी घरी थांबू नका.

हाक मारा. मी दारात आहे.